गावच्या स्मारकावर काँगोत गेलेल्या जवानाचं नाव घालायचं का? समितीत अडलंय

कृष्णाकाठ_कराड

नमस्कार मंडळी. कराड तालुक्यातलं आमचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण विषय गावातलाच आहे आणि मला भांडण वाढवायचं नाहीये, मार्ग पाहिजे. शाळेसमोर जवानांचं स्मारक बांधायचं ठरलंय, ग्रामसभेत ठराव झाला, लोकवर्गणी पण बऱ्यापैकी जमली, आणि समितीत मी सगळ्यात लहान म्हणून नावांची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. पासष्ट, एकाहत्तर, कारगिल, काश्मीर ही नावं गावाला पाठच आहेत, ती एका बैठकीत झाली. अडलंय दोन नावांवर.

एक माझे चुलत आजोबा. घरात सगळे त्यांना तात्याच म्हणतात, मी तर फोटोतच बघितलेत. मिलिटरीत ड्रायव्हर होते, १९६१ ला युनोच्या फौजेतून आफ्रिकेत काँगोला गेले आणि १९६२ ला तिकडंच गेले. गाडी उलटली असं तारेत होतं म्हणे, ती तार आता कुणाकडं नाही. देह आला नाही. बऱ्याच महिन्यांनी एक काळी ट्रंक आली, तेवढीच. आजी तेव्हा विशीतली, मूलबाळ नाही, तरी माहेरी गेली नाही, दीर-जावांच्या घरात राहून रानात राबून तिनं आख्खं आयुष्य काढलं. आज ऐंशी पार आहे.

दुसरे वरच्या आळीतले, १९८८ ला श्रीलंकेत सुरुंगाच्या स्फोटात गेले.

समितीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं असं की ही शांतिसेना, ही काय लढाई नव्हे, आणि तात्या तर अपघातात गेले, तेही दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याच्या भांडणात. स्मारक देशासाठी लढून गेलेल्यांचं आहे. बोलणारी माणसं वाईट नाहीत हे आधीच सांगतो, त्यातले एक स्वतः एकाहत्तरला होते. त्यांच्यासमोर मला नीट बोलताच आलं नाही, घशात आलं.

पण मला एक कळत नाही. आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली पाटी आहे, पहिल्या महायुद्धाची. १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून एवढी माणसं गेली, त्यातली एवढी मेली, असा नुसता आकडा, नाव एकाचं पण नाही. तिला आपण दर २६ जानेवारीला हार घालतो. ती माणसं मेसोपोटेमियात कुणाच्या देशासाठी गेली होती? मग तात्यांचंच का अडतं?

कुणाच्या गावात असं झालं असेल तर काय केलं, कागद कुठून मिळवले, दगडावर शब्द काय लिहिले, सांगा. आजीला मी अजून काही बोललेलो नाही.

---

माजी_सुभेदार_खटाव

पोरा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ८३ चा भरती. ८७ च्या ऑक्टोबरात जाफन्याजवळ पलालीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा आम्हाला वाटत होतं महिन्याभरात परत. २९ जुलैला करार झालेला, आपलं काम काय तर तमिळ वाघांची (एलटीटीई) हत्यारं जमा करून घ्यायची आणि ते आणि लंकेची फौज, दोघांच्या मधी उभं राहायचं. पुढं त्याच वाघांशी लढाई जुंपली. मार्च १९९० ला शेवटची फौज परत आली तोवर आपले बाराशेच्या आसपास जवान गेले होते. बाराशे! त्याला लढाई नव्हती म्हणणाऱ्यानं एकदा माझ्यासमोर बसावं, मी रागवणार नाही, फक्त सांगीन.

आता समितीला विचारायचा एकच प्रश्न तुला देतो. परमवीर चक्र कशाला मिळतं? शत्रूच्या समोर दाखवलेल्या शौर्याला. देशात आजवर २१ परमवीर चक्रं दिलीत, त्यातली दोन शांतिसेनेतली आहेत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, गोरखा रायफल्स, ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल, म्हणजे तुझे तात्या होते त्याच काँगोत. आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७, श्रीलंका. परमेश्वरन साहेबांचा जन्म तर आपल्या मुंबईचा. ही दोन नावं स्मारकावर चालतील का विचार. चालतील म्हणाले तर तुझी पण दोन चालतात.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, पंचवीस हजारांवर नावं आहेत तिथं, आणि शांतिसेनेत गेलेल्यांचा मान पण त्याच ठिकाणी आहे. श्रीलंकेनं कोलंबोजवळ त्यांच्या संसदेच्या बाजूला आपल्या शांतिसेनेचं स्मारक उभारलं ते याच्या कितीतरी आधी. परक्या देशानं दगडावर नावं कोरली आणि आपल्या गावानं नको म्हणायचं, हे माझ्या गळी उतरत नाही.

कागदाचं सांगतो. आजींना फॅमिली पेन्शन असेल तर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, नंबर, रँक, सगळं असतं. नसेल सापडत तर ती ट्रंक शोध. फौजीच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव, युनिट लिहिलेलं असतं, आम्ही सगळे लिहायचो. नंबर मिळाला की आजींच्या सहीनं किंवा अंगठ्यानं अर्ज करायचा, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, ते पुढं रेकॉर्ड ऑफिसला लिहितात. तारीख, ठिकाण, कारण लेखी येऊ दे, मग बैठकीत आवाज चढवायची गरजच पडणार नाही.

---

घरात_तीन_फौजी

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझे वडील एकाहत्तरला जखमी झाले, चुलते फौजेत, भाऊ आता सर्व्हिसला आहे. शांतिसेना कमी असं मी म्हणत नाही, सुभेदार साहेबांना तर माझा सॅल्यूट आहे. पण शब्दाला किंमत राहिली पाहिजे. आजकाल सुट्टीवर असताना मोटरसायकलवरून पडून गेला तरी बॅनरवर शहीद लिहितात. मग वडिलांच्या बाजूचा जो गोळी खाऊन पडला त्याला काय म्हणायचं? श्रीलंकेवाल्यांचं नाव मुख्य दगडावर घ्या, त्यात मला शंकाच नाही. अपघातवाल्यांसाठी बाजूला वेगळा छोटा दगड करा, मान पण राहील आणि फरक पण राहील.

---

निळी_टोपी_तासगाव

मी युनोच्या मिशनला काँगोत होतो, २००९ मध्ये, गोमाला. तात्यांच्या काळातलं मिशन वेगळं, ते १९६० ते ६४, पण देश तोच म्हणून लिहावंसं वाटलं.

गोमा गाव ज्वालामुखीच्या पायथ्याला आहे, २००२ ला लाव्हा थेट शहरात शिरला होता, त्यामुळं सगळीकडं काळाच दगड, कुंपणं काळ्या दगडाची, घरांचे पाये काळ्या दगडाचे. पहिल्या दिवशी ते बघून मला आपल्या माळाची एवढी आठवण आली की मी घरी फोनवर तेवढंच बोललो. तिथल्या रस्त्यावर ड्रायव्हरचं काम म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. पाऊस लागला की रस्ता म्हणजे चिखलाचा ओढा, एका बाजूला दरी, गाडीत माणसं नाहीतर रसद, आणि गाडी अडकली तर आसपास कोण आहे याचा भरवसा नाही. तिथं गाडी चालवणं म्हणजे ड्युटीच होती, त्या माणसाला तिथं देशानं पाठवलं होतं, तो काय फिरायला गेला नव्हता. घरात_तीन_फौजी दादा, सुट्टीवरची मोटरसायकल आणि ही गाडी एका तागडीत टाकू नका एवढीच विनंती.

आणि निळं हेल्मेट घातलं की अजून एक गोष्ट होते. गोळी आपण आधी झाडायची नसते, समोरचा काय करतो ते बघत उभं राहायचं असतं. फौजीला हे शिकायला सगळ्यात जड जातं. मी परत आल्यावर ऑगस्ट २०१० ला किरुंबाच्या कॅम्पवर रात्री भाले-कोयते घेऊन टोळी आली आणि आपले तीन जवान गेले, ती बातमी ऐकून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, त्या रस्त्यानं आम्ही गेलेलो होतो.

तिकडं गेलेल्यांचा हिशोब युनो कसा ठेवतं ते सांगतो, हे समितीला नक्की वाचून दाखव. हल्ल्यात गेला, अपघातात गेला की मलेरियानं गेला, मिशनवर असताना गेला म्हणजे यादीत नाव. १९४८ पासून सगळ्या देशांचे मिळून ४,४०० च्या आसपास आहेत, त्यात भारताचे १८० च्या आसपास. त्यांच्यासाठी १९९७ ला एक पदक सुरू केलंय, दाग हॅमरशोल्ड यांच्या नावाचं, हे युनोचे सरचिटणीस, सप्टेंबर १९६१ ला काँगोच्याच कामासाठी जाताना विमान पडून गेले. छातीवर लावायचं पदक नाही ते, अंड्याच्या आकाराचा स्वच्छ काचेचा गोळा असतो आणि त्यावर त्या माणसाचं नाव आणि गेल्याची तारीख कोरलेली असते. ते घरच्यांना देतात. रेकॉर्डचे कागद हातात आले की आजींसाठी याची पण चौकशी कर. श्रीलंकेवाल्यांना हे नाही मिळत, कारण ती फौज आपली होती, युनोची नव्हती, हा फरक गावात कुणाला माहीत नसतो.

अजून एक, जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला युनोच्या मुख्यालयात अशा सगळ्यांसाठी स्मारकाची भिंत बांधायचा ठराव पास झाला, आणि तो मांडला होता आपल्याच देशानं. अपघातवाल्यांची वेगळी भिंत बांधा असं काही त्यात नाही.

---

जत_ची_लेक

वेगळा छोटा दगड असं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, इथं पहिल्यांदाच लिहितेय.

माझे वडील श्रीलंकेत गेले तेव्हा मी चार वर्षांची. आमच्या गावात स्मारक झालं तेव्हा त्यांचं नाव असंच बाजूला घेतलं, मुख्य खांबाच्या मागं एक छोटी फरशी, वर लिहिलं इतर. इतर! पुढच्या बाजूला झेंडावंदन होतं, हार पुढच्या बाजूला पडतो, भाषणात नावं वाचतात ती पुढच्या बाजूची. मागं शाळेची पोरं सायकली टेकवतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की तिथं नाव आहे. माझी आई दर १५ ऑगस्टला सगळे गेले की मागं जाते, पदरानं फरशी पुसते आणि घरी येते. मी तिला एकदा म्हटलं सरपंचांना सांगू आपण, तर म्हणाली आता कशाला.

दादा, तुमच्या हातात अजून आहे तर नाव सगळ्यांच्या बरोबर घ्या. एका दगडावर, एका आकाराच्या अक्षरात. पुढं काय लिहायचं ते लिहा, श्रीलंका लिहा, काँगो लिहा, पण मागं टाकू नका.

---

वीरगळ_बघत_फिरतो

शिक्षक आहे, शिराळा-वाळवा भागात सुट्टीच्या दिवशी वीरगळ, म्हणजे लढून मेलेल्या वीरांचे जुने कोरीव दगड, बघत फिरतो. तुमच्या गावात पण देवळाच्या आवारात एखादी असणारच, शेंदूर लावलेली नाहीतर पायरीला बसवलेली. नीट बघा एकदा. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, वरती तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, शेंड्याला चंद्र-सूर्य. आणि बऱ्याच वीरगळांवर खाली गायी कोरलेल्या असतात. म्हणजे तो माणूस राज्य जिंकायला गेला नव्हता, कुणाची तरी जनावरं चोर हाकून नेत होते ती सोडवायला मधे पडला आणि मेला. जनावरं त्याचीच होती का दुसऱ्याची, हे काही दगड सांगत नाही. आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या गावानं पण तेवढ्यासाठी दगड उभा केला.

आणि आपल्या भागाला शांततेसाठी फौज पाठवणं काही नवीन नाही हे पण समितीला सांगा. १९५३ ला कोरियात युद्ध थांबल्यावर कैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख आपले कोल्हापूरचे जनरल एस. पी. पी. थोरात होते. दोन्ही बाजूंचे चिडलेले हजारो कैदी आणि मधे आपले जवान.

तुमच्या चावडीच्या पाटीबद्दल जे लिहिलंय ते मला फार लागलं. आकडा आहे, नाव नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, तिथला स्तंभ बघायला मी पोरांना घेऊन जातो, तिथं सुद्धा पोरं पहिलं हेच विचारतात, सर यांची नावं काय. जमलं तर त्या पाटीतल्या लोकांची नावं पण शोधा, म्हाताऱ्या माणसांना विचारून जेवढी निघतील तेवढी.

---

घरात_तीन_फौजी

जतच्या ताईंचं वाचलं. वेगळ्या दगडाचं मी मागं घेतो, माझं चुकलं. मी मान आणि फरक दोन्ही राहील म्हणालो होतो पण मागच्या फरशीचं असं होतं हे डोक्यात आलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले की ड्रायव्हर लोकांनी दारूगोळा आणून दिला नसता तर आम्ही काय दगडं मारली असती का.

फक्त एक म्हणणं अजून आहे, मृत्यूचं कारण खोटं लिहू नका. तात्या गाडीच्या अपघातात गेले तर लढताना गेले असं कोरू नका. खरं आहे तेच पुरेसं आहे.

---

माजी_सुभेदार_खटाव

दादा, मनाचा मोठेपणा दाखवलात. आणि शहीद शब्दाचं तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फौजेच्या कागदात शहीद हा शब्दच नसतो, तिथं बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत गेलेला, नाहीतर फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात-आजारानं गेलेला. म्हणून मी म्हणतो दगडाच्या डोक्यावर शहीद पण नको, हुतात्मा पण नको, हुतात्मा म्हटलं की आपल्याकडं माणसाला वडूजचा बेचाळीसचा इंग्रजांविरुद्धचा मोर्चा आठवतो. साधं लिहा, सैन्यसेवेत असताना प्राण गेलेले या गावचे जवान. खाली नंबर, रँक, नाव, ठिकाण, साल. कारण लिहायचंच नाही, कुणाच्याच पुढं नाही. मग वाद करायला जागाच कुठं उरते.

---

पाथरवट_मिरज

आमचं घराणं दगडाचं काम करतं, नावांच्या पाट्या भरपूर केल्यात. ग्रॅनाईटवर यंत्रानं हलकं कोरून सोनेरी रंग भरतात ते दिसायला भारी पण उन्हात रंग उडतो आणि दहा वर्षांनी अक्षर बोटाला पण लागत नाही. खोल कोरून घ्या, काळा पाषाण असेल तर उत्तमच, रंग नाही भरला तरी सावलीनं वाचता येतं. अक्षरामागं पैसे जास्त पडतील पण ते एकदाच.

खाली जागा मोकळी सोडायची असते, आम्ही विचारतो तेव्हा कुणी बोलत नाही, पण सोडायची.

नदीकाठचं गाव आहे तर जोतं २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. आमच्याकडं कृष्णेच्या पाण्यात आठ-आठ दिवस बुडालेले दगड मी परत घासून दिलेत. आणि कोरायच्या आधी नाव घरच्यांकडून कागदावर लिहून सही घ्या, ऱ्हस्व-दीर्घ सकट. दगडावरचं खोडता येत नाही.

---

कृष्णाकाठ_कराड

मंडळी, उशिरा लिहितोय पण लिहायला काहीतरी आहे.

पीपीओ २०१९ च्या पुरात भिजून लगदा झालेला, बँकेत पासबुकावरून चौकशी लावलीय. मग सुभेदार काकांनी सांगितलं तसं ट्रंक शोधली. शोधायची काय, माझ्या लहानपणापासून ती डोळ्यासमोरच होती, चुलत्यांच्या घरात माळ्यावर, आजी त्यात ज्वारी ठेवते. वरनं कुणीतरी हिरवा रंग मारलेला. मला कधी कळलंच नव्हतं की ही तीच ट्रंक. चुलते आणि मी ज्वारी पोत्यात काढली, झाकणावर रॉकेलचा बोळा फिरवला, मग पॉलिशपेपर. दीड तास लागला. आधी काळा रंग आला आणि त्याच्यावर पांढरे आकडे. सात आकडे, पुढं रँक, नाव. खाली एका ओळीत युनिट. आजी उंबऱ्यात बसून बघत होती, काही बोलली नाही. नंबर मी मोठ्यानं वाचला तर शेवटचे तीन आकडे माझ्या आधी तिनंच म्हटले. साठ वर्षं तिला तो नंबर पाठ होता आणि आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं.

अर्ज दिला साताऱ्याला, आजीचा अंगठा घेऊन. उत्तराला वेळ लागेल म्हणाले. पण त्याच्या आधीच बैठक झाली. मी हा सगळा धागा छापून नेला होता. ते एकाहत्तरवाले काका, त्यांनीच सगळं वाचून काढलं, जतच्या ताईंचं दोनदा, आणि म्हणाले दोन्ही नावं सालाप्रमाणं घ्या, वर जे सुभेदार म्हणतायत तेच लिहा. चावडीच्या पाटीतल्या लोकांची नावं शोधायचं काम पण ठरलं, आतापर्यंत चार निघालीत.

मग आजीला सांगितलं. तिला विचारलं नाव कसं लिहू, तर म्हणाली ट्रंकेवर हाय तसंच. आणि काही पाहिजे का, तर म्हणाली माझा हात पोचंल असं लावा म्हणजे झालं.

आता पंचाईत ही की सालाप्रमाणं घेतलं तर तात्यांचं नाव सगळ्यात वर येतं, पासष्टच्या पण आधी, आणि जोतं तर पुरासाठी उंच धरलंय. मिरजकर भाऊ, काही करता येईल का?

---

पाथरवट_मिरज

येईल की. दगड उभा घेऊ नका, आडवा घ्या, नावं वरनं खाली न लावता डावीकडनं उजवीकडं दोन-दोनच्या ओळीत बसवू, म्हणजे पहिलं नाव डाव्या कडेला येतं आणि वरची ओळ पण छातीच्या उंचीवर राहते. जोतं उंचच राहू दे, डाव्या अंगाला पायऱ्या बसक्या धरा, सहा इंचाच्या ऐवजी चारच्या, आणि बाजूला धरायला दांडी लावा. कोरणावळ तात्यांच्या नावाची मी घेणार नाही.

रविवारी टेप घेऊन येतो. आजींना म्हणावं भिंतीपुढं उभं राहून एकदा हात वर करून दाखवा, तिथं खडूनं खूण करू आणि ओळ तिथंच आखू.